आंब्रोजच्या गावी चार दिवस

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसलेली माझी मैत्रीण वसईची, कॅथलिक. तिच्या आजोबांचं नाव आंब्रोज. मी डिसेंबरात मिलानला भाच्याकडे चाललेय म्हटल्यावर ती म्हणाली, "अगं, आमच्या आजोबांच्या नावाचा संत तिथलाच! त्याच्यापुढे एक मेणबत्ती लाव, आणि एक माझ्यासाठी घेऊन ये." संत कोण, कुठल्या काळातला, विचारलं तर, "बिशप होता. मधमाश्या पाळणारे त्याला मानतात. बाकी तू वाच, आता रिकामीच आहेस ना!"

वाचलं. आणि मग तळ्यांची सहल बाजूला राहिली, कपड्यांची दुकानंही राहिली. चारही दिवस मी सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपच्या मागे हिंडले. भाचा पोलितेक्निकोत, म्हणजे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात शिकतो. "मावशी, लोक इथे फॅशनसाठी येतात," असं तो रोज एकदा म्हणायचा आणि निमूट बरोबर यायचा.

५ डिसेंबर, संध्याकाळ

उतरले तेव्हा चार अंश तापमान होतं आणि धुकं इतकं की विमानतळाच्या काचेपलीकडे काही दिसेना. बॅग आली नाही. ती दुसऱ्या दिवशी रात्री आली, तोवर मी भाच्याच्या जाकिटात. बाह्या हाताखाली वीतभर लोंबत होत्या. ही तक्रार एवढ्याचसाठी लिहिली की पुढे तेच जाकीट कामाला आलं.

रात्री जेवायला मिलानचा प्रसिद्ध केशरी भात मागवायचं ठरलं. रिसोत्तो. भाच्याने वेळीच हात धरला. या भातात परंपरेने मांसाचा रस्सा आणि गुरांच्या हाडातला मगज घालतात. दिसायला मात्र थेट आपल्या केशरी भातासारखा. शाकाहारी मंडळींनी विचारूनच मागवावा. काही ठिकाणी भाज्यांच्या रश्शात करून देतात, आम्हाला दिला. केशराचा वास असलेला पण तिखटमिठाचा भात जिभेला आधी पटत नाही, तिसऱ्या घासाला पटतो.

गंमत म्हणजे 'देश तसा वेश' हे सांगणारा माणूस आंब्रोजच. ऑगस्टीन, पुढे स्वतः मोठा संत झालेला, तेव्हा मिलानमध्ये वक्तृत्वाचा शिक्षक होता. आफ्रिकेतून आलेल्या त्याच्या आईला, मोनिकाला, प्रश्न पडला: शनिवारचा उपास करायचा की नाही? रोममध्ये करत, मिलानमध्ये करत नसत. आंब्रोजने उत्तर दिलं, मी रोमला जातो तेव्हा शनिवारी उपास करतो, इथे असतो तेव्हा करत नाही. ज्या गावी जाल तिथली रीत पाळा. रोममध्ये रोमनांसारखं वागावं ही जगभर फिरणारी म्हण याच सल्ल्यातून आली असं मानतात. हाडाच्या मगजापर्यंत मात्र मी हा सल्ला ताणला नाही.

६ डिसेंबर

सकाळी दुओमो, म्हणजे मिलानचं महामंदिर. शिखरं, पुतळे, छतावरून दिसणारं शहर, हे सगळीकडे लिहिलेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. आमचं काम जमिनीखाली होतं. दुओमोच्या आतून एक जिना खाली उतरतो आणि चौथ्या शतकातल्या बाप्तिस्मागृहाच्या अवशेषांपाशी नेतो. १९६१-६२ मध्ये मेट्रोचं काम चाललं असताना हे नीट खणून काढलं. मध्ये आठ कोनी कुंड. पाणी नाही, विटा आणि दगड उघडे. वर चौकात हजारो लोक फोटो काढत होते. खाली आम्ही दोघं आणि एक जपानी जोडपं. मेट्रो गेली की जमीन बारीक थरथरायची.

याच कुंडात ३८७ सालच्या ईस्टरच्या रात्री आंब्रोजने ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. आपल्याकडच्या जुन्या बारवेच्या कोरड्या पायऱ्यांवर बसल्यावर वाटतं तसं काहीसं वाटलं. इथे कोणीतरी ओलं होऊन वर आलं आणि त्याचं सगळं आयुष्य बदललं.

आणि ज्याने बाप्तिस्मा दिला त्याचाच किस्सा भारी. आंब्रोज जन्मला ३४० च्या आसपास, आज जर्मनीत असलेल्या ट्रिअर शहरात. वडील गॉल प्रांतातले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, बडे रोमन अधिकारी. हा रोममध्ये शिकला, वकिली केली आणि उत्तर इटलीच्या एका प्रांताचा राज्यपाल होऊन मिलानला आला. ३७४ मध्ये मिलानचा बिशप वारला. तो एरियन पंथाचा होता; ख्रिस्त हा देवपित्याच्या बरोबरीचा नाही, असं मानणारे ते एरियन. नवा बिशप कोणत्या बाजूचा, यावर चर्चमध्ये हमरीतुमरी सुरू झाली. दंगल होऊ नये म्हणून राज्यपाल जातीने गेले, चार शब्द बोलले. तेवढ्यात गर्दीतून एका पोराचा आवाज आला म्हणतात, "आंब्रोज बिशप!" आणि दोन्ही बाजूंनी तेच उचलून धरलं.

जिल्हाधिकाऱ्यांनी मंदिराच्या ट्रस्टचं भांडण सोडवायला जावं आणि लोकांनी त्यांनाच पुजारी करावं, तसं झालं हे. त्यात साहेबांचा बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. त्याने टाळाटाळ केली, लपून बसला, काही उपयोग झाला नाही. बाप्तिस्मा घेतल्यापासून आठ दिवसांच्या आत, ७ डिसेंबर ३७४ ला, तो बिशप झाला. मिलान त्याचा सण याच तारखेला करतं. बहुतेक संतांचा दिवस म्हणजे मृत्यूचा दिवस, आपल्या पुण्यतिथीसारखा. हा गेला ४ एप्रिल ३९७ ला, पण सण मात्र कामावर रुजू झाल्याच्या तारखेला. सरकारी माणसाला हे शोभतं.

(दुओमोची तिकिटं वेगवेगळी असतात. खालचे अवशेष त्यात आहेत का ते घेतानाच बघा. बरेच जण तिकीट असूनही तो जिना न उतरता निघून जातात.)

दुपारी दुओमोजवळ उभ्याउभ्या पँझेरोत्तो खाल्ला. आत टोमॅटो आणि चीज घातलेली तळलेली भली मोठी करंजीच. जाकिटाच्या डाव्या बाहीवर टोमॅटोचा डाग पडला. तिथून पाच मिनिटांवर आंब्रोजच्या भावाच्या, सातिरसच्या नावाचं छोटं चर्च आहे, सान सातिरो. दारातून पाहिलं तर वेदीमागे खोल, कमानींचा गाभारा. जवळ गेलं की तो गाभाराच नाही! जागा नव्हती म्हणून ब्रामांते या वास्तुकाराने जेमतेम मीटरभर खोलीत उठाव आणि रंगाने तो भासवला आहे. भाचा स्थापत्याचा विद्यार्थी, तो तिथे असा रमला की मलाच त्याची वाट बघत बसावं लागलं. सातिरस भावाच्या आधी वारला. भावाच्या मरणावर आंब्रोजने केलेलं भाषण आजही वाचायला मिळतं, आणि बिशपच्या थाटाखालचा घरचा माणूस त्यात दिसतो.

संध्याकाळी योगायोगाने एक वेगळीच गोष्ट अनुभवली. सणाच्या आदल्या संध्याकाळी मिलानचे आर्चबिशप संत आंब्रोजच्या बासिलिकेत, म्हणजे त्याच्या नावाच्या मोठ्या चर्चमध्ये, शहराला उद्देशून भाषण करतात. पुढे महापौर आणि अधिकारी, मागे आम्हांसारखे. भाच्याचं इटालियन भाजी आणण्यापुरतं, त्यामुळे भाषणातलं मला फार काही सांगता येणार नाही. पण पदावरची माणसं हात मांडीवर ठेवून धर्मगुरूचं ऐकत बसली होती, ते दृश्य दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवलं.

७ डिसेंबर, सण

मिलान शहराला आज सुट्टी, उद्या ८ ला सगळ्या इटलीला. त्यामुळे या दोन दिवसांत राहण्याचे दर चढे आणि चौकात पाय ठेवायला जागा नाही. जायचंच असेल तर सकाळी लवकर निघा. मेट्रोची हिरवी लाइन, स्टेशनचं नावच सांत आंब्रोजो. वर आलात की बासिलिका समोर.

लाल विटांची, बुटकी, रुंद. दुओमोचा दिमाख नाही, आणि मला हीच जास्त आवडली. पुढे चौसोपी वाड्यासारखं कमानींचं अंगण. दोन मनोरे, वेगवेगळ्या उंचीचे. जुना मठातल्या साधूंचा, दुसरा तीनेकशे वर्षांनी दुसऱ्या पुरोहितांनी बांधलेला, कारण एकाच देवळात राहणाऱ्या या दोन गटांचं एकमेकांशी पटत नव्हतं. घंटांवरून भांडणं! वाचून घरी आल्यासारखं वाटलं.

बाहेर एक रोमन खांब उभा आहे, त्यात दोन भोकं. सैतान आंब्रोजला मोहात पाडायला आला, आंब्रोजने त्याला हाकललं आणि त्याची शिंगं खांबात रुतली, अशी कथा. भोकाला नाक लावलं तर गंधकाचा वास येतो म्हणतात. मी लावलं. ओल्या दगडाचा वास आला. मागे उभ्या आजीबाई माझ्या लोंबणाऱ्या बाह्या बघून खुदकन हसल्या, पुढे आल्या आणि न बोलता त्यांनी दोन्ही बाह्या नीट दुमडून दिल्या. मग स्वतः खांबाला नाक लावलं आणि मान हलवली, म्हणजे त्यांनाही आला नाही.

आत सोन्याची वेदी आहे, नवव्या शतकातली. पुढची बाजू ख्रिस्ताची, मागची आंब्रोजच्या चरित्राची. वळसा घालून मागे जायला विसरू नका. पाळण्यातल्या बाळाच्या तोंडावर मधमाश्यांचं मोहोळ बसलेलं तिथे दिसतं. माश्या आत-बाहेर करून उडून गेल्या, बाळाला एकही डसली नाही. पुढे हा गोड बोलणारा होणार, याची ती खूण. त्याच बाजूला वेदी घडवणाऱ्या कारागिराने, वोल्विनिउसने, स्वतःलाही कोरलंय: आंब्रोज त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय, आणि शेजारी नाव. नवव्या शतकातल्या सोनाराची ही हिंमत मला फार आवडली.

वेदीखालच्या तळघरात रांग होती. काच आणि चांदीच्या पेटीत तीन सांगाडे. मधला पांढऱ्या झग्यातला आंब्रोज, दोन्हीकडे लाल वस्त्रांत जर्व्हास आणि प्रोतास हे दोन हुतात्मे. या दोघांच्या अस्थी ३८६ मध्ये आंब्रोजनेच शोधून इथे आणल्या आणि स्वतःची जागा त्यांच्याजवळ ठरवली. मध्ये कित्येक शतकं हे सगळं वेदीखाली बंद होतं, १८६४ मध्ये पुन्हा सापडलं. कवट्या उघड्या दिसतात, डोक्यावर बिशपचा मुकुट. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पुढची बाई बाळाला कडेवर घेऊन आत हात दाखवत काहीतरी सांगत होती, आपण गणपती दाखवतो तसं.

मेणबत्तीपाशी एक सिस्टर उभ्या होत्या, केरळच्या. मी भारतीय दिसल्यावर हिंदीत बोलल्या, आणि मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर चक्क, "जेवण झालं का?" औरंगाबादला सहा वर्षं दवाखान्यात होत्या. वसईच्या मैत्रिणीचं सांगितलं तेव्हा त्यांनीच एक मेणबत्ती कागदात गुंडाळून दिली. त्यांचा आवडता प्रसंग विचारला. म्हणाल्या, ३७८ मध्ये रोमन सैन्य गॉथ टोळ्यांपुढे हरलं, हजारो माणसं पकडली गेली, तेव्हा याने चर्चची सोन्याची भांडी वितळवून कैदी सोडवले. लोकांनी नावं ठेवली तर म्हणाला, चर्चजवळचं सोनं साठवायला नसतं, गरजेला खर्चायला असतं. "आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टींना मी हे नेहमी सांगायचे," सिस्टर हसून म्हणाल्या.

आता खरं ते बघायचं होतं. बासिलिकेच्या उजव्या बाजूला एक छोटी जुनी खोली आहे, घुमट सोन्याच्या मोझेकचा. तिथे जायला थोडं वेगळं तिकीट लागतं. भिंतीवर पाचव्या शतकातलं, म्हणजे त्याला बघितलेल्या माणसांच्या काळाजवळचं, आंब्रोजचं चित्र. डोक्यामागे तेजोवलय नाही. बारीक अंगाचा, ओढलेल्या चेहऱ्याचा, आखूड दाढीचा माणूस. एक डोळा दुसऱ्याहून किंचित खाली. कलाकाराला तो सरळ करता आला असता. केला नाही.

मी त्या चित्रापुढे बराच वेळ बसले, कारण माझ्याही मनात हा माणूस तसाच तिरका बसला होता. ३९० मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीत जमावाने एका सेनापतीला मारलं. रोमन सम्राट थिओडोसिअसने सूड म्हणून शहरातल्या लोकांची कत्तल करवली. जुने लेखक सात हजार म्हणतात. आंब्रोजने सम्राटाला पत्र लिहिलं: तुम्ही प्रायश्चित्त घेईपर्यंत तुमच्यासमोर मी विधी करू शकत नाही. चित्रांमध्ये तो चर्चच्या दारात सम्राटाला हाताने अडवताना दाखवतात. प्रत्यक्षात पत्र होतं, खासगी आणि सभ्य भाषेतलं, आणि सम्राटाने जनतेसमोर राजवस्त्रं उतरवून माफी मागितली. मराठी माणसाला इथे रामशास्त्री आठवणारच. नारायणरावाच्या खुनाला देहान्त प्रायश्चित्तच, असं राघोबादादांना तोंडावर सांगून रामशास्त्री पुणं सोडून गेले. फरक एवढाच की दादांनी ऐकलं नाही, थिओडोसिअसने ऐकलं.

इथपर्यंत छाती फुगते. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, ३८८ मध्ये, युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकममध्ये ख्रिस्ती जमावाने ज्यूंचं प्रार्थनागृह जाळलं होतं. सम्राटाने हुकूम दिला की तिथल्या बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावं. सरळ न्याय. आणि आपला हाच आंब्रोज आडवा आला. आधी पत्र, मग भर चर्चमध्ये सम्राटापुढे उभं राहून, हुकूम मागे घेईपर्यंत विधी पुढे नेणार नाही म्हणून. सम्राटाने मागे घेतला. तोच निर्भयपणा, तेच शस्त्र, एकदा मेलेल्यांच्या बाजूने आणि एकदा आग लावणाऱ्यांच्या. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये, हे मला कळतं. पण सम्राटाला तेव्हाही कळलं होतं की नुकसान भरून द्यायला हवं! हे मी भाच्याला तावातावाने सांगत होते, आणि तिथल्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर पडलो तर झिमझिम पाऊस. सणाची जत्रा, 'ओ बेई ओ बेई', पूर्वी बासिलिकेभोवतीच भरायची, आता स्फोर्झा किल्ल्यापाशी भरते. नावाचा अर्थ तिथल्या बोलीत "अरे वा, काय छान!" अशा धाटणीचा. खेळणी, जुनी पुस्तकं, पितळी भांडी, चीज, मध. मध तर घ्यायलाच हवा होता, मधमाश्यावाल्यांचा संत तो. एका म्हाताऱ्याकडे भाजून दोऱ्यात ओवलेल्या चेस्टनटच्या माळा होत्या, शेवंतीच्या वेणीसारख्या. धुरकट वास, चव आपल्या उकडलेल्या शिंगाड्याच्या जवळची. दोन घेतल्या, एक खायला, एक मैत्रिणीला. म्हाताऱ्याने आधी किंमत जास्त सांगितली, मी दोन बोटं दाखवून मान हलवली, त्याने कमी केली. घासाघीस करायला भाषा लागत नाही.

रात्री स्काला या ऑपेराच्या नाट्यगृहाचा मोसम याच दिवशी सुरू होतो. आम्ही बाहेरून झगमगते कपडे बघितले. मी अजून जाकिटात; बॅग आली होती, पण आता त्या बाह्या दुमडलेल्या होत्या ना.

८ डिसेंबर, पाविया

शेवटचा दिवस शिष्याचा. मिलानहून रेल्वेने अर्ध्या तासावर पाविया. तिथल्या सान पिएत्रो चर्चमध्ये, संगमरवरी कोरीव पेटीखाली, ऑगस्टीनच्या अस्थी आहेत. लॉम्बार्ड राजा लिउतप्रांदने आठव्या शतकात त्या सार्डिनियाहून आणल्या. चर्च दुपारी बंद असतं, हे आम्हाला दारात कळलं. अडीच तास धुक्यात नदीकाठी फिरलो. तुम्ही वेळ बघून जा.

त्या अडीच तासांत भाच्याने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, की या दोघांचं जमलं कसं? मी जे वाचलं होतं ते सांगितलं. ऑगस्टीन आधी फक्त भाषणाची शैली बघायला जात असे, धंद्यातला माणूस म्हणून. भेटायला जाई तेव्हा आंब्रोज वाचत बसलेला असायचा, आणि मनातल्या मनात. डोळे पानावरून फिरतायत, ओठ गप्प. ऑगस्टीनने आत्मकथनात हे मुद्दाम नोंदवलंय. आमची आजी पोथी कधी मनात वाचायची नाही, ओठ तरी हलायचेच. त्यामुळे मला त्याचं कुतूहल कळतं. दार उघडं असायचं, कोणीही आत यावं. पण वाचणाऱ्याला हाक मारायचा धीर होत नसे. थोडा वेळ बसून ऑगस्टीन निघून जायचा.

मोनिकाचा किस्सा सांगितल्यावर तो जास्त खूश झाला. ती आफ्रिकेतल्या रीतीप्रमाणे हुतात्म्यांच्या कबरींवर लापशी, पाव आणि वाइन घेऊन गेली, आपण नैवेद्य नेतो तसा. मिलानच्या दारवानाने अडवलं, बिशपची मनाई आहे म्हणून. तिथे पिऊन धिंगाणा व्हायचा, म्हणून ही बंदी. मोनिकाने टोपली परत नेली आणि तक्रार केली नाही. "आई असती तर दारवानाशी भांडली असती," भाचा म्हणाला. खरंय, माझी बहीण भांडली असती.

आणि मग तो वेढा. ३८६ मध्ये बालसम्राटाची आई जुस्तिना हिला एरियनांसाठी एक चर्च हवं होतं. आंब्रोजने दिलं नाही. सैनिकांनी वेढा घातला, लोक आत ठाण मांडून बसले, मोनिकाही त्यांच्यात. लोक घाबरू नयेत, कंटाळू नयेत म्हणून स्तोत्रं गाण्याची पूर्वेकडची रीत त्याने तिथे सुरू केली. जागराचं भजनच म्हणा. त्याच्या स्तोत्रांची बांधणी अशी: ओळीत आठ अक्षरं, कडव्यात चार ओळी, आठ कडवी. हे मोजताना मी थांबले. आपल्या लहान अभंगाच्या चरणातही आठच अक्षरं! संबंध काहीच नाही, पण सगळ्या गर्दीला एका श्वासात म्हणता यावं यासाठी दोन्हीकडे तेच माप सोयीचं पडलं असावं. मोनिका गेल्यावर रडू न येणाऱ्या ऑगस्टीनला अंथरुणात आंब्रोजच्याच एका स्तोत्राच्या ओळी आठवल्या आणि मग रडू फुटलं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

चार वाजता चर्च उघडलं. पेटीवर शेकडो छोट्या मूर्ती, सगळ्या बघायला उजेड पुरला नाही. बाहेर आलो तर अंधार आणि धुकं, स्टेशनचा रस्ता चुकलो, एका पाववाल्याने बोट दाखवून दिलं.

गाडीत भाच्याला भूक लागली. माझ्या पिशवीत मैत्रिणीसाठी ठेवलेली चेस्टनटची माळ होती. मिलान येईपर्यंत नुसता दोरा उरला.

मेणबत्ती मात्र तिला पोचवली, आजोबांच्या फोटोसमोर लावलीही तिने. माळेचं काही बोलले नाही. हे वाचेल तेव्हा कळेलच.